गगनचुंबी इमारती: सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधून झालेल्या आणि नुसत्या कागदावर असलेल्या इमारतींची नेहमी सरमिसळ होते, म्हणून इथे दोन्ही वेगळ्या ठेवल्या आहेत. उंची मीटरमध्ये आहे. फुटात हवी असेल तर ३.२८ ने गुणा.

सध्या जगात सर्वांत उंच इमारत कोणती? पहिल्या दहात कोण आहे?

दुबईची बुर्ज खलिफा, ८२८ मीटर. ४ जानेवारी २०१० ला ती खुली झाली आणि तेव्हापासून पहिला नंबर कुणी हलवलेला नाही. दुसरी क्वालालंपूरची मर्डेका ११८, ६७८.९ मीटर. तिसरी शांघाय टॉवर, ६३२. चौथी मक्केचा घड्याळ-टॉवर, ६०१. सहाशेच्या वर आजवर बांधून झालेल्या इमारती या चारच.

त्यानंतर शेन्झेनचं पिंग अन फायनान्स सेंटर (५९९.१), सोलचा लोट्टे वर्ल्ड टॉवर (५५४.५), न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर (५४१.३), ग्वांगजो आणि तिआन्जिन इथली दोन सीटीएफ सेंटर (दोन्ही ५३०) आणि बीजिंगचा सिटिक टॉवर (५२७.७). तैपेई १०१ एकेकाळी पहिली होती, आता ५०८ मीटरवर अकरावी आहे.

वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचा आकडा ठरवून आलेला आहे. ५४१.३ मीटर म्हणजे बरोबर १७७६ फूट, आणि १७७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष.

८२८ मीटर म्हणजे किती, ते आपल्याकडच्या मापात सांगाल का?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात की साधारण पावणेसहाशे ते सहाशे मीटर चढ होतो. बुर्ज खलिफाचा सर्वांत वरचा वापरातला मजला ५८५ मीटरवर आहे. म्हणजे घाटाची सगळी वळणं काढून टाकून तेवढा चढ एका लिफ्टच्या बोळात उभा केला असं समजा. पूर्ण ८२८ मीटर धरले, तर वाईपासून थेट महाबळेश्वरपर्यंतच्या चढापेक्षाही ते जास्त भरतात. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर आहे. तशा आठ भिंती एकावर एक रचल्या तरी बुर्ज चार मीटरने वर राहील.

हवा मोकळी असेल तर दर किलोमीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे टोकाशी पायथ्यापेक्षा पाच अंशांच्या आसपास गारवा असतो. सूर्यही वरच्या मजल्यांवर उशिरा मावळतो. म्हणून रमजानमध्ये ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि १५०व्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं थांबून रोजा सोडावा, असं दुबईच्या धर्मखात्याने २०११ मध्ये सांगितलं होतं.

उंची नक्की कुठून कुठपर्यंत मोजतात? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे का दिसतात?

शिकागोतली उंच इमारतींची परिषद (सीटीबीयूएच) याचा निवाडा करते. रस्त्यावरून चालत आत शिरता येईल असं सर्वांत खालचं मुख्य दार, तिथपासून मोजणी सुरू होते. वर कुठपर्यंत धरायचं यावर तीन आकडे निघतात: रचनेचं टोक, सर्वांत वरचा वापरातला मजला, आणि अँटेनासकट शेवटचं टोक. अधिकृत क्रमवारी पहिल्या आकड्यावर लागते.

गोम अशी की शिखर हे रचनेचा भाग मानलं जातं, अँटेना मात्र नाही. यावरून नव्वदच्या दशकात मोठा वाद झाला. क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे शिखरासह ४५१.९ मीटर भरले आणि शिकागोच्या ४४२ मीटरच्या सीअर्स टॉवरचा मान गेला. सीअर्सचे मजले वर होते आणि अँटेना तर फारच वर, पण नियमाने पेट्रोनास जिंकले.

त्यामुळे इमारतींची तुलना करताना वापरातल्या शेवटच्या मजल्याचा आकडा जरूर बघा. बुर्जमध्ये शेवटच्या मजल्याच्या वर २४४ मीटर नुसतं शिखर आहे, एकूण उंचीच्या २९ टक्के. शांघाय टॉवर बुर्जपेक्षा जवळपास दोनशे मीटरने ठेंगणी, पण वापरातल्या मजल्याचा हिशेब केला तर दोन मीटरसुद्धा मागे नाही. आमच्या मते माणूस जिथवर राहतो किंवा काम करतो ती उंची जास्त खरी.

टोकियोचा स्कायट्री ६३४ मीटर आहे, मग तो तिसरा का नाही?

एकूण उंचीच्या निम्मी तरी मजल्यांनी भरलेली असेल तरच तिला इमारत म्हणतात. स्कायट्री हा प्रक्षेपणाचा मनोरा आहे. टोरांटोच्या ५५३ मीटरच्या सीएन टॉवरलाही हेच लागू.

एवढ्या वजनाने जमीन खचत नाही का?

खचते, आणि किती खचेल ते आधी काढलेलं असतं. बुर्ज खलिफाखाली दीड मीटर व्यासाच्या १९२ पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) आहेत, प्रत्येकी साधारण ४३ मीटर लांब. त्यांच्यावर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट (इमारतीखाली पसरलेली काँक्रीटची जाड लादी) आहे, त्यात १२,५०० घनमीटर काँक्रीट गेलं. दीर्घकाळात जास्तीत जास्त ८० मिलिमीटर खचेल असा हिशेब होता. खचण्यापेक्षा तिथली खरी अडचण भूजलाची होती. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट आहे आणि त्यातलं क्लोराइड सळई खातं. म्हणून पाणी मुरणार नाही असं घट्ट काँक्रीट वापरलं आणि सळयांना गंजरोधक विद्युतप्रवाहाची जोड दिली.

शांघायला खडकच हाताशी नाही, नदीचा मऊ गाळ आहे. तिथला राफ्ट सहा मीटर जाड असून साठ हजार घनमीटरच्या वर काँक्रीट अडीच दिवसांहून जास्त काळ अखंड ओतलं गेलं. क्वालालंपूरला पेट्रोनासच्या मूळ जागेखाली चुनखडीत पोकळ्या सापडल्या, तेव्हा आख्खी इमारत साठ मीटर सरकवून घेतली.

जाड राफ्ट टाकताना घात होतो तो उष्णतेने. सिमेंट मुरताना तापतं. सहा मीटरच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, वरचा थर मात्र निवतो, आणि आतबाहेरच्या तापमानात साधारण २० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की तडे जातात. उपाय असे: सिमेंटचा काही हिस्सा कमी करून फ्लाय अॅश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) घालायचं, पाण्याऐवजी बर्फ वापरायचा, रात्री ओतायचं, आणि वर गोणपाट-थर्मोकोलचं पांघरूण घालून पृष्ठभाग लवकर निवू द्यायचा नाही. शेवटची गोष्ट अनेकांना उलटी वाटते. सवयीने थंड पाणी मारलं जातं आणि वरचा थर तडकतो.

इतक्या उंच इमारतीचा खरा शत्रू कोण, वजन की भूकंप?

वारा. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

वजन उंचीच्या प्रमाणात वाढतं. वाऱ्याचा हिशेब तसा चालत नाही. जमिनीत रोवलेल्या खांबावर सगळीकडे सारखा वारा धरला, तरी उंची दुप्पट झाली की बुडाशी वाकवणारा जोर चौपट होतो आणि शेंड्याचं झुकणं सोळापट. शिवाय वर गेलं की वाराही वाढतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या एवढ्या उंच खांबांवर का आहेत, याचं कारण तेच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ५० मीटर वेग असेल तर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार येतो, वेग निम्मा झाला की भार चतकोर उरतो.

पण समोरून रेटणाऱ्या वाऱ्यापेक्षा बाजूला हलवणारा वारा जास्त वाईट. कडेवरून वाहताना वारा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे भोवरे सोडतो. सरळसोट चौकोनी इमारत ४० मीटर रुंद आणि वारा सेकंदाला ४० मीटर असेल, तर ही आदळआपट साधारण आठ सेकंदांना एक या तालावर येते. खूप उंच इमारतीचा स्वतःचा झोका, म्हणजे एकदा डुलून परत यायला लागणारा वेळही, याच पट्ट्यात असतो. बुर्जचा अकरा सेकंदांच्या आसपास आहे. दोन्ही ताल जुळले की झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं डुलणं वाढत जातं.

साखर कारखान्याच्या लोखंडी धुराड्याच्या वरच्या भागाला कधीकधी मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळलेली दिसते. ती शोभेची नसते. भोवरे एका तालात सुटू नयेत, दर उंचीवर ते वेगवेगळ्या वेळी तुटावेत म्हणून ती बसवलेली असते. बुर्ज खलिफाचा आकार नेमका हेच करतो. वर जाताना तिचे तीन पंख एकेक करून गोलाकार क्रमाने मागे सरतात, त्यामुळे दर टप्प्यावर रुंदी बदलते आणि भोवऱ्यांना एक ताल सापडत नाही. वास्तुरचनाकार एड्रियन स्मिथ आणि संरचना अभियंता बिल बेकर यांनी वातबोगद्यात चाळीसहून जास्त चाचण्या करून हा आकार घडवला. शांघाय टॉवरने दुसरा मार्ग घेतला. ती खालून वर १२० अंशांत पिळलेली आहे आणि त्या पिळाने वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी घटला.

मग आतला सांगाडा कसा असतो?

मधोमध लिफ्ट-जिन्याभोवती जाड भिंतींचा गाभा असतो, त्याला साइटवर कोअर म्हणतात. साधारण चाळीस मजल्यांच्या पुढे एकटा कोअर पुरत नाही. मग ठरावीक मजल्यांवर कोअरपासून बाहेरच्या कॉलमपर्यंत आडवे मजबूत हात टाकतात. उसाला जशी पेरं, तशी इमारतीला ही यंत्रांच्या मजल्यांची पेरं. बाहेरून ती बहुधा गडद पट्ट्यासारखी दिसतात.

बुर्जमध्ये सहा बाजूंचा कोअर आणि त्याला तिन्ही बाजूंनी टेकू देणारे पंख आहेत. एक पंख वाऱ्याने रेटला गेला की दुसरे दोन त्याला धरतात.

या विद्येचा पाया ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी शिकागोत घातला. बाहेरचे कॉलम जवळजवळ लावून संपूर्ण इमारतच पोकळ नळीसारखी वागवायची, ही कल्पना त्यांची. जॉन हॅन्कॉक सेंटर आणि सीअर्स टॉवर त्यातूनच उभे राहिले. त्याआधी इतक्या उंचीला कितीतरी जास्त पोलाद लागायचं.

वरच्या मजल्यावर डुलणं जाणवतं का?

वादळात जाणवतं. बुर्जचं टोक दीड मीटरच्या आसपास सरकतं. इमारतीला त्याने धोका नसतो, माणसाला मात्र मळमळतं. म्हणून डिझाइनमध्ये किती सरकली यापेक्षा किती झटक्याने सरकली ते बघतात. घरांसाठी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात गुरुत्वाकर्षणाच्या हजारात १० ते १५ भाग एवढाच झटका मान्य असतो, ऑफिससाठी २० ते २५.

हा झटका मारायला वर लोलक टांगतात. तैपेई १०१ मधला गोळा ६६० टनांचा, साडेपाच मीटर व्यासाचा, ९२व्या मजल्यापासून टांगलेला आणि लोकांना बघता येईल असा आहे. इमारत डावीकडे गेली की गोळा मागे राहतो आणि खालचे तेलाचे दट्टे ती ऊर्जा खातात. ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात तो जवळपास एक मीटर झुलला. बुर्जमध्ये असा गोळा नाही, तिच्या आकारानेच काम भागलं.

काँक्रीट सहाशे मीटरवर कसं चढवतात?

पंपाने. बुर्जवर ६०६ मीटरपर्यंत एकाच दमात चढवलं. नुसत्या काँक्रीटच्या वजनाचाच दाब तिथे दर चौरस सेंटीमीटरला १४५ किलो होतो, पाइपातलं घर्षण वेगळं. आपल्याकडच्या अपार्टमेंटचा पंप इथे कामाचा नाही.

मिश्रण फार बारकाईने ठरवावं लागतं. खडी मोठी असेल तर पाइप तुंबतो, म्हणून वर जाताना खडीचा आकार २० मिमीवरून १४ मिमीवर आणला गेला. पाणी वाढवून पातळ करणं हा पर्यायच नाही, ताकद जाते. प्रवाहीपणा रसायनांनी आणायचा. दुबईच्या उन्हाळ्यात ओतकाम रात्री आणि बर्फ घालून चालायचं. पाइप तुंबला तर काँक्रीट आतच घट्ट होण्याआधी तेवढा तुकडा खोलून साफ करण्याची तयारी आधीपासून हाताशी असावी लागते.

ओळंबा लावून लंब बघणं इथे चालत नाही. वारा हलवतो, आणि सकाळी पूर्वेची बाजू तापून प्रसरण पावली की इमारतच किंचित पश्चिमेला कलते. बुर्जवर उपग्रहांवरून जागा मोजून आणि कल मोजणारी यंत्रं ठिकठिकाणी बसवून ‘खरा मध्य’ काढत होते.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षं आखडतं. कॉलम आणि कोअर सारखे आखडले नाहीत तर स्लॅब कलतात, काचा आवळल्या जातात, पाइप वाकतात. म्हणून मजल्यांची उंची आधीच मिलिमीटरमध्ये वाढवून ठेवतात आणि पाइपांना सरकायला जागा देतात.

एकच लिफ्ट तळापासून शेंड्यापर्यंत का जात नाही?

दोर स्वतःच्या वजनाला हरतो. पोलादी दोर साधारण पाचशे मीटरच्या पुढे गेला की त्याची बहुतेक ताकद स्वतःला उचलण्यातच खर्च होते. बुर्जमधली सर्वांत लांब धाव ५०४ मीटरची आहे, ती या मर्यादेवरच.

दुसरी अडचण जागेची. सगळ्या लिफ्ट तळापासून निघाल्या तर खालचे मजले लिफ्टच्या बोळांनीच भरतील. उपाय एसटीच्या जंक्शनसारखा: जलद लिफ्टने मधल्या स्थानकापर्यंत जायचं, तिथे बदलायचं.

शांघाय टॉवरमधली सर्वांत जलद लिफ्ट सेकंदाला २०.५ मीटर, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास धावते. वेगाची मर्यादा मोटारीपेक्षा कान ठरवतात. उतरताना हवेचा दाब झपाट्याने वाढतो, म्हणून डब्यातला दाब हळूहळू बदलावा लागतो. वादळात लिफ्ट मुद्दाम संथ करतात, कारण इमारतीच्या झोक्याबरोबर लांब दोर बोळात हेलकावतात आणि भिंतीला घासू शकतात.

कोने कंपनीने कार्बन तंतूंचा हलका पट्टा-दोर काढला आहे, तो हजार मीटरपर्यंत चालेल. जेद्दाह टॉवरमध्ये तोच लागणार आहे.

पाणी वर कसं पोहोचतं?

ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपसा योजना ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. कृष्णेचं पाणी एका पंपाने थेट दुष्काळी पट्ट्यात जात नाही, टप्प्याटप्प्याने उचललं जातं. इमारतीतही तसंच: यंत्रांच्या मजल्यावर टाकी आणि पंप, तिथून पुढच्या टाकीला.

दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो. टाकी टोकाला ठेवून पाणी सरळ खाली सोडलं तर तळाच्या नळाला साठ किलोच्या पुढे दाब येईल, आणि घरातला नळ तीन-चार किलोवर नीट चालतो. म्हणून दर टप्प्याला दाब तोडणाऱ्या झडपा असतात. त्यातली एक झडप अडकली की खालच्या मजल्यांचे जोड फुटतात. देखभालीत या झडपा सर्वांत आधी तपासायच्या.

आग लागली तर?

शिडीचा भरवसा नाही. जगातली सर्वांत उंच अग्निशमन शिडीही ११२ मीटरपर्यंतच जाते. बुर्जमध्ये साधारण दर २५ मजल्यांना आसरा-मजला आहे. तिथे आग न लागणाऱ्या भिंती आणि धूर शिरू नये म्हणून वाढवलेला हवेचा दाब असतो. लोकांनी तिथवर उतरायचं आणि थांबायचं. जिन्यांतही पंख्याने दाब ठेवतात. जिन्याचं दार पाचर मारून उघडं ठेवलं की ही सगळी व्यवस्था निकामी होते.

या बाबतीत उंच इमारतींकडून आपल्या शहरांनी शिकण्यासारखं फार आहे. ३१ डिसेंबर २०१५ ला दुबईच्या अॅड्रेस हॉटेलची आग आणि २०१७ मध्ये ७२ जीव घेणारी लंडनच्या ग्रेनफेलची आग, दोन्ही बाहेरच्या पत्र्यावरून चढल्या. दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेला हा एसीपी. सांगली-साताऱ्यात शोरूम, दवाखाने, मंगल कार्यालयांच्या दर्शनी भागाला तो सर्रास लागतो. घेताना आतला गाभा कोणता ते विचारा, खनिज भरलेला अग्निरोधक प्रकार मागा आणि चाचणीचा दाखला बघितल्याशिवाय लावू नका.

मोठ्या इमारतींमध्ये प्रत्यक्षात काय काय चुकलं आहे?

न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर, १९७७. २७९ मीटरची इमारत कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर उभ्या खांबांवर तोललेली. डिझाइनमध्ये वेल्डिंगचे सांधे होते, प्रत्यक्षात बोल्ट लावले गेले. समोरून येणाऱ्या वाऱ्याला ते पुरले असते, तिरक्या वाऱ्याला नाहीत. अभियंता विल्यम लेमेझ्युरिए यांच्या हे १९७८ मध्ये लक्षात आलं आणि त्यांनी ते इमारतीच्या मालकांना सांगितलं. मग रात्री-रात्री आत सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या गेल्या. गावाला मात्र हे १९९५ मध्ये कळलं.

बोस्टनचा हॅन्कॉक टॉवर. १९७३ मध्ये काचा निखळून रस्त्यावर पडू लागल्या. दुहेरी काचेच्या कडांचा शिशाचा जोड इतका ताठ होता की थोडी हालचालही तो सोसेना आणि काच तडकत होती. सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या, तोवर इमारतीला प्लायवूड ठोकलेलं होतं.

सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर, ५८ मजले, २००९. पाइल खडकापर्यंत नेल्या नाहीत, वाळूच्या थरावर थांबवल्या. इमारत ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त खचली आणि कलली. नंतर दोन बाजूंना खडकापर्यंत जाणाऱ्या १८ नव्या पाइल घालून तिला आधार दिला.

शेन्झेनला २०१३ मध्ये बांधकामांच्या काँक्रीटमध्ये न धुतलेली समुद्राची वाळू सापडली. पिंग अनचं कामही तपासणीसाठी थांबवावं लागलं. मिठाने सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटतं. नदीची वाळू मिळेनाशी झाली की हाच मोह सगळीकडे होतो. वाळू कुठून आली आणि तिच्यात क्लोराइड किती, हे दोन मजल्यांच्या घरालाही विचारलं पाहिजे.

पुढच्या काळात बुर्जला कोण मागे टाकणार?

काम चालू असलेल्यांत एकच नाव घ्यावं: सौदी अरबचा जेद्दाह टॉवर, हजार मीटरपेक्षा उंच. रचना पुन्हा एड्रियन स्मिथ यांचीच. काम २०१३ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये थांबलं. साठ-त्रेसष्ट मजल्यांवर कितीतरी वर्षं नुसत्या क्रेन उभ्या होत्या. २०२५ च्या जानेवारीत ६४व्या मजल्यापासून पुन्हा सुरुवात झाली आणि २०२८ चं उद्दिष्ट आहे.

दुबईत ७२५ मीटरची बुर्ज अझीझी जाहीर झाली आहे. पूर्ण झाली तर ती मर्डेकाच्या वर जाईल, बुर्जच्या नाही. रियाधला दोन किलोमीटरच्या मनोऱ्याची बोलणी ऐकू येतात. ती आम्ही यादीत धरत नाही.

न धरण्याचं कारण इतिहासात आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी १९५६ मध्ये मैलभर उंच, ५२८ मजल्यांची इमारत मांडली, ती कागदावरच राहिली. चांगशाची ‘स्काय सिटी’ ८३८ मीटर, तीही ९० दिवसांत उभी करणार होते, २०१३ मध्ये पायाच्या पुढे गेली नाही. दुबई क्रीक टॉवरचा पाया झाला आणि काम थांबलं. तिआन्जिनच्या ५९७ मीटरच्या गोल्डिन ११७ चा सांगाडा २०१५ मध्ये माथ्याला पोहोचला आणि पैसा आटल्यावर दहा वर्षं तसाच राहिला. मुंबईत सातशे मीटरच्या ‘इंडिया टॉवर’चं काम २०११ मध्ये थांबलं ते कायमचं.

कुठलीही घोषणा वाचलीत की तीन गोष्टी बघा. पाइल झाल्या का? कोअर जमिनीच्या वर आला का? आणि पुढच्या दोन वर्षांचा पैसा कोणाच्या खात्यात आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इमारती बहुतेक वेळा तिथेच अडकतात.

चीनने तर २०२१ पासून पाचशे मीटरच्या वर नव्या इमारतींना मनाईच केली.

भारतात सर्वांत उंच कोणती?

मुंबईच बघा. वरळीची पॅले रॉयाल, ३२० मीटर. महालक्ष्मीची लोखंडवाला मिनर्व्हा ३०० च्या आसपास, वर्ल्ड वन २८० मीटर. जगात ३०० मीटरच्या वरच्या इमारतीला ‘सुपरटॉल’ म्हणतात, त्या रांगेत आपण नुकतेच शिरलो आहोत.

सांगलीत किंवा साताऱ्यात शंभर मजली इमारत होऊ शकते का?

तांत्रिकदृष्ट्या होऊ शकते. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, शांघायच्या गाळापेक्षा कितीतरी चांगला. कृष्णाकाठी मात्र त्याच्यावर काळ्या मातीचा थर आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमाखाली खडकात न्यावाच लागतो. पूररेषा आधी बघायची. २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायची गरज नाही. तळघरात जनरेटर आणि पाण्याचे पंप ठेवणारी इमारत पुरात पहिल्याच दिवशी बंद पडते.

अडतं ते अर्थकारणात. उंची वाढली की दर चौरस फुटाचा खर्च चढत जातो, लिफ्ट-पाइप-कॉलम जागा खातात, आणि एका मर्यादेनंतर नवा मजला स्वतःचा खर्चही काढत नाही. जागेचा भाव प्रचंड असेल तरच वर जाणं परवडतं. आपल्याकडे रस्त्याची रुंदी आणि अग्निशमनाची सोय याच आधी आड येतात.

कोयनेच्या भूकंपाचं काय? उंच इमारत आधी पडेल ना?

बहुतेकांचा हाच समज असतो, पण हिशेब वेगळा आहे. इमारतीचा झोका ढोबळमानाने दर मजल्याला एक दशांश सेकंद धरतात. पाच मजल्यांचा अर्धा सेकंद. जवळच्या भूकंपाची बहुतेक ताकद याच छोट्या तालांत असते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दगड-मातीची बुटकी घरं पाडली, त्यामागे हेही एक कारण आहे. दहा-अकरा सेकंदांचा झोका असलेल्या बुर्जसारख्या इमारतीला तो धक्का तालात पकडू शकत नाही. तिला दूरच्या, फार मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांची काळजी असते.

पाटण-कोयना भागात घर बांधणाऱ्याने लक्ष द्यायचं ते तळमजल्यावर. पार्किंगसाठी खाली नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, हा आराखडा सर्वांत धोक्याचा. कॉलमच्या रिंगा सांध्याजवळ जवळजवळ घ्या आणि रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवलेलं आहे ना ते काँक्रीट टाकण्याआधी स्वतः बघा. ९० अंशांची रिंग धक्क्यात उघडते.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

आधी तीन भारतीय मानकं वाचा. वाऱ्यासाठी आयएस ८७५ भाग ३, भूकंपासाठी आयएस १८९३, आणि उंच काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७००, जे ५० ते २५० मीटरपर्यंत लागू आहे. मग संगणकावर ४० मजल्यांचं साधं मॉडेल करा: चौकोनी आराखडा, मधे कोअर. पहिला झोका किती सेकंदांचा येतो ते नोंदवा. हाताने काढलेल्या अंदाजाशी तो अजिबात जुळला नाही तर पुढे जाऊ नका, बहुधा वस्तुमान किंवा पायाचा आधार चुकलेला असतो.

मग वारा लावा आणि शेंड्याचं सरकणं उंचीच्या पाचशेव्या भागात बसतं का बघा. बसत नसेल तर कॉलम जाड करण्याआधी मधल्या एका मजल्यावर कोअरपासून बाहेर हात टाकून बघा. थोड्या साहित्यात किती फरक पडतो ते बघून उसाची पेरं खरी समजतात.

बुर्जच्या १४८व्या मजल्यावरून किती दूर दिसतं? तशी इमारत सांगलीत असती तर?

तो मजला ५५५ मीटरवर आहे. उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. इथे ते ८४ येतं. सांगलीहून सरळ रेषेत कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि कऱ्हाड ६५, म्हणजे दोन्ही टप्प्यात. सातारा ११० किलोमीटरवर असल्याने शहर दिसणार नाही. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असेल तर त्या बाजूचे डोंगरमाथे दिसू शकतील, कारण ते स्वतःच उंच आहेत.